मदत हवी आहे: जुनी ट्रूपी कॅम्पर घेताना नक्की काय तपासायचं?

धूळवाट:
मेलबर्नमध्ये एक लँडक्रूझर ट्रूप कॅरिअर, म्हणजे इकडची लाडकी ट्रूपी, पसंत पडली आहे. २००४ चं एचझेडजे७८ मॉडेल, वनएचझेड नावाचं ४.२ लिटर डिझेल इंजिन, ३,४०,००० किमी, पाच गिअर. छत कापून पॉप-टॉप, म्हणजे वर उचलता येणारं छत, बसवलंय. टर्बो कंपनीचा नाही, मागाहून लावलेला आहे. आत १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, ४० लिटरचा फ्रिज, ६० लिटर पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. विक्रेत्याकडे वजनकाट्याची पावती आहे: २९४० किलो. तेव्हा डिझेल निम्मं होतं, पाणी रिकामं आणि आत कोणी नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये दोघांनी डर्बीहून गिब रिव्हर रोडने, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडबडीत कच्च्या रस्त्याने, जायचं ठरवलंय. गाडी बघायला जेमतेम दोन तास मिळतील. त्यात काय बघू? आणि तो टर्बो चांगला की धोक्याचा?

काटा_बघा:
इंजिनाचं नंतर बघू, आधी वजन. ७८ मॉडेलवर सामान-माणसांसकट एकूण वजनाची बहुधा ३३०० किलोची मर्यादा असते, पण या गाडीच्या प्लेटवरचा आकडा स्वतः वाचून घ्या. आता तुमचाच हिशेब मांडतो. २९४० मध्ये उरलेलं ९० लिटर डिझेल मिळवा, म्हणजे ७५ किलो. (दोन टाक्या ९०-९० लिटरच्या.) दोन माणसं १५०, पाणी ६०, शिधा-कपडे-भांडी ९०, हत्यारं, सुटे भाग आणि गाडी ओढून काढायचं सामान ७०. झाले ३३८५. म्हणजे निघायच्या आधीच ८५ किलो जास्त.

जास्त वजनाची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय खडबडीत रस्त्यावर शॉकचे माउंट, बॅटरीचा ट्रे आणि रूफ रॅकचे पाय आधी तुटतात, ते याच वजनामुळे. विक्रेत्याच्या पावतीवर विसंबू नका. काट्यावर गाडी पुन्हा चढवा, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. ट्रूपीत सगळं फर्निचर मागे असतं, त्यामुळे एकूण वजन बसलं तरी मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

स्पॅनर१२:
वजनाचं पटलं. आता इंजिन. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गार होईपर्यंत थांबा.

गार इंजिन सुरू करताना पांढरट धूर येऊन मिनिटभरात विरला तर चालेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, तिथून परत फिरा. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. डिझेल पंपाच्या सांध्यांवरून बोट फिरवा, ओलं लागलं तर सील बदलायचा खर्च धरा.

टायमिंग बेल्टची पावती हवीच, किलोमीटरच्या आकड्यासकट. डॅशबोर्डवरचा टी-बेल्ट (टायमिंग बेल्ट) दिवा विझवलेला असणं म्हणजे बेल्ट बदलला असं नाही. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला.

टर्बोबद्दल: वनएचझेड इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, म्हणजे डिझेल आधी प्रीचेंबर नावाच्या छोट्या कप्प्यात पेटतं, कॉम्प्रेशन २२.४ ला १, आणि कंपनीने ते बिनटर्बोचंच बनवलं. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) सात-आठ पीएसआयच्या आसपास, डिझेलचं ट्यूनिंग नेमकं आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवलेला असेल तर वर्षानुवर्षं चालतं. डिझेल वाढवून ठेवलं असेल आणि मीटरच नसेल, तर प्रीचेंबरच्या जागी हेड आणि पिस्टनला तडे जातात. चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. मागे काळा धूर दिसला तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

काटा_बघा:
पुढचा एक्सलही बघा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवा. चाकामागे नारळाएवढा स्टीलचा गोळा दिसेल. त्यावर ग्रीसचा पातळ थर असला तर उत्तम. बोटाला काळं, ओघळणारं, गिअर ऑइलच्या उग्र वासाचं काही लागलं तर आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये उतरतंय. अशी गाडी बाद नाही, पण दोन्ही बाजूंची सीलं आणि बेअरिंगं धरून किंमत पाडा. मग चाक जॅकवर घेऊन वरून-खालून धरून हलवा.

छप्पर_नीट:
ट्रूपीचं छत कापताना आडव्या पट्ट्याही कापल्या जातात. त्यांची ताकद भरून काढणारी चौकट आत आहे का ते बघा. टॉर्च घ्या आणि पुढच्या दारांवरची पन्हळ, कापाचे चारही कोपरे निरखा. रंगाखाली केसासारखी रेघ किंवा सीलंटचा ताजा थर दिसला तर तिथे चीर आहे असंच समजा. विंडस्क्रीनच्या खालची कड आणि मागच्या दाराचा उंबरा, गंज इथेच धरतो. चॅसिसच्या मागच्या भागावर हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून पोखरलंय.

कागद: व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) अशा बदलांना व्हास, म्हणजे गाडीतले बदल तपासणाऱ्या अधिकृत अभियंत्यांचं, प्रमाणपत्र लागतं, त्यात छताचा उल्लेख हवा. आसनसंख्या नोंदणीशी जुळवा. गॅस जोडणीचं प्रमाणपत्र मागा. आणि २ डॉलर भरून चॅसिस नंबरावरून पीपीएसआर (सरकारी ऑनलाइन नोंदवही) तपासणी स्वतः करा. कर्ज, चोरी, अपघातात बाद झालेली गाडी, तिन्ही कळतं.

धूळवाट:
खूप आभार. वजन ८५ किलोने जास्त आहे, तर डिझेल कमी भरलं तर चालेल?

काटा_बघा:
थोडं चालेल. हा रस्ता साधारण ६६० किमीचा. लोड केलेल्या ट्रूपीला १०० किमीला १५ लिटर धरले तरी ९९ लिटर, आणि वाटेत माउंट बार्नेट या थांब्यावर डिझेल मिळतं. धबधब्यांचे फाटे धरून १२० लिटर घेऊन निघा, ५० किलो वाचतील. उरलेल्या ३५ किलोंसाठी रूफ रॅक असेल तर उतरवा. नाहीच जमलं तर मजबूत स्प्रिंग लावून व्हासकडून मर्यादा अधिकृतपणे वाढवून घ्या. तो खर्च सौद्याच्या आधी विचारून ठेवा, म्हणजे किंमत ठरवताना तो आकडा पुढे ठेवता येईल.