मदत हवी आहे : खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता उमेदवार हमीभावाचा कायदा मागू लागला, तर मत कोणाला द्यावे?

मी नाशिक जिल्ह्यातील कांदापट्ट्यातला मतदार आहे. सरकारने बाजारात आणि माणसाच्या खाजगी आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही माझी भूमिका शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या विचारांतून घडली आहे. आमच्याकडे यंदा उभे असलेले एक उमेदवार (नाव मुद्दाम देत नाही) त्याच मुशीतले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा बाकीचे पुढारी अनुदानाचे आकडे मागत असताना, अनुदान नको, फक्त बंदी उठवा, असे ठणकावून सांगणारे या भागात तेच होते. त्यामुळे त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

आता मात्र कांद्याला हमीभाव द्यावा आणि त्याहून कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा, असा कायदा करण्याची मागणी त्यांच्या जाहीरनाम्यात सर्वांत वर आहे. कर्जमुक्तीही आहे, पण तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. निर्यातबंदी आणि साठ्यावरील मर्यादा लादून सरकारनेच भाव पाडले असतील, तर त्यातून साचलेले कर्ज रद्द करणे ही मेहेरबानी नसून भरपाई ठरते, हा शेतकरी संघटनेचा जुना युक्तिवाद मला पटतो. माझे घोडे अडते ते हमीभावाच्या कायद्यापाशी. उन्हाळ कांद्याची आवक वाढून दर कोसळले असताना कायद्याने ठरवलेला भाव परवडत नसेल, तर व्यापारी गुन्हा ओढवून घेण्याऐवजी लिलावालाच उतरणार नाही, कांदाचाळीतला माल सडेल आणि खरेदीदार म्हणून उरेल ते सरकार. ऐन भावाच्या वेळी नाफेडचा (सरकारसाठी कांदा खरेदी करून साठवणाऱ्या सहकारी संस्थेचा) साठा बाजारात आला की बोटे मोडणारेही आम्हीच, हे आमचे उमेदवार विसरले आहेत काय?

एका कार्यकर्त्याकडे मी हे बोललो, तेव्हा निव्वळ विचारांवर निवडणूक जिंकता येत नाही, असे उत्तर मिळाले. ते खोटे म्हणता येत नाही. १९६७ साली लोकसभेच्या ४४ जागा जिंकणारा, खुल्या बाजाराचाच पुरस्कर्ता असलेला ‘स्वतंत्र पक्ष’ पुढच्या दशकात विसर्जित झाला, आणि खुद्द जोशी २००४ मध्ये राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर. तरीही २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध त्या सभागृहात एकट्याने मत देण्याइतके ते स्वतःचे राहिले होते. (ते मत मला आजही पटत नाही, पण तो मुद्दा वेगळा.) तडजोड पाठिंब्यापुरती असणे आणि ती विचारालाच भिडणे यांत मी फरक करतो.

बाकीचे उमेदवार मला मुळीच मान्य नाहीत, आणि ‘नोटा’ला कितीही मते पडली तरी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, त्यामुळे तो पर्याय मला पोकळ वाटतो. अशा वेळी मत देऊन नंतर जाब विचारावा, की मतदानाआधीच जाहीर सभेत प्रश्न करावा? तसा प्रश्न केल्यास त्याची चित्रफीत विरोधकांच्या हाती लागेल, ही भीती आहे. शिवाय कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकांना एक विचारायचे आहे : एफआरपीचे (कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दराचे) बंधन कायद्याने असूनही ऊस घ्यायला कारखाने तयार असतात, मग कांद्याच्या बाबतीत माझी भीती अनाठायी आहे का, की कारखान्याला ऊस लागतोच आणि व्यापाऱ्याला आमचाच कांदा लागतो असे नाही, हा फरक निर्णायक आहे?