घरातल्या शकला: तुमच्याकडे कोणी काय डोकं लढवलं होतं?

लालबागचा_बाळू

चाळ पुनर्विकासात गेली. महिनाअखेर खोली रिकामी करायची म्हणून काल पोटमाळ्यावर चढलो. सतरंज्या, मोडका पाट, मखराचं थर्माकोल आणि सगळ्यात मागे डालडाचा पिवळा डबा. बुडाला पोचा आलेला. तो पोचा बघून तिथेच बसलो.

१९८३ असेल. गिरणी संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, बाबा घरीच असत, आणि घरी बसलेल्या माणसाला आई जे ऐकवते ते ऐकत. पाणी पहाटे यायचं, पण कधी सव्वाचार, कधी पाच. गजराचं घड्याळ होतं, ते काय कामाचं? आई तीनपासून अर्धवट जागी.

एका रात्री बाबांनी मोरीतला नळ उघडा सोडला आणि खाली हा डबा उपडा ठेवला. पाणी येताना नळ आधी फुसफुसतो, मग चार थेंब, मग एकदम धार. ती धार पत्र्यावर पडली आणि आमचं घरच नाही, अख्खा मजला उठला. दोन दिवस भांडणं झाली. तिसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी आमच्या डब्यावर उठायला लागले. मे महिन्यात आम्ही गावी गेलो तर मजल्याची पाण्याची बोंब. परत आल्यावर बाजूच्या काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, गावाला जाताना डबा तेवढा ठेवून जात जा."

तुमच्याकडेही कोणीतरी असं डोकं लढवलं असेलच. लिहा.

मोरीवाली_मीरा

आई गं, तो आवाज! आमच्याकडे डबा नव्हता, पण नळाचं फुसफुसणं ऐकून आजी झोपेतच "आलं आलं" करायची. मग सगळे उठणार, पिंप, कळशी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवणार. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झालाय.

खिडकी_सीट

डालडा की रथ? पिवळ्यावर हिरवं झाड असेल तर डालडाच. आमच्या त्या डब्यात तुळस होती.

विरार_फास्ट

सगळ्यांच्याच डब्यात तुळस होती हो

भाचा_डबेवाल्याचा

माझे मामा डबेवाले, मावळातले. हे काम मुंबईत १८९० पासून चालू आहे हे सगळ्यांना माहीत, पण झाकणावरची ती रंगीत अक्षरं-आकडे बघितलेत का कधी नीट? कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, सगळं दोन बोटांच्या जागेत. नाव नाही, पत्ता नाही.

आजीला वाचता येत नव्हतं आणि गोळ्या पाच प्रकारच्या. रोज घोळ. सकाळची बीपीची गोळी रात्रीही घेतली एकदा, आम्ही घाबरलो. मामा सुट्टीला आले, मामीची नेलपॉलिश घेतली आणि प्रत्येक पाकिटाच्या मागे खूण केली. लाल ठिपका सकाळ, दोन ठिपके दुपार, आडवी रेघ रात्र. रेघ का, तर रात्री आडवं व्हायचं. आजी हसली आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं. नवीन पाकीट आणलं की पहिलं काम खूण. एक्स्पायरीच्या तारखेवर रंग जाऊ द्यायचा नाही, एवढं फक्त बघायचं.

मामीची नेलपॉलिश संपली ती संपलीच, त्याबद्दल ती अजून बोलते.

अर्धी_बादली

रात्र = आडवी रेघ. हे मी ढापतेय. सासऱ्यांसाठी.

शब्दखोर

धाग्यात अजून कोणी "जुगाड" म्हटलं नाही म्हणून अभिनंदन. शक्कल, युक्ती, क्लृप्ती असताना कशाला ते

विरार_फास्ट

जुगाड जुगाड जुगाड

कलिन्याची_बाई

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवसात ९४४ मिमी पडला, हे आकडे नंतर कळले. तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी कमरेला आहे आणि रस्ता दिसत नाही. आम्ही अकरा जणी ऑफिसातून निघालेलो. भीती पाण्याची नव्हती, उघड्या गटाराची होती. आमच्यातली सगळ्यात बुटकी, एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी, ती म्हणाली पाऊस डोक्यावर पडून गेलाय, आता छत्री उघडून काय करायचीय? तिने छत्री मिटली, टोक खाली केलं आणि आंधळ्या माणसासारखी रस्ता चाचपत पुढे निघाली. मागून आम्ही ओढण्यांना गाठी मारून ओळीत. दोनदा छत्री खोल गेली. दोनदा.

घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले. अजूनही पाणी साचलं की मी छत्री मिटते, लोक बघतात.

मोरीवाली_मीरा

काटा आला वाचून. 

अर्धी_बादली

आमची फसलेली शक्कल. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून नवऱ्याने बेडरूममधली छताची दोरीवाली काठी काढून हॉलमध्ये पंख्याच्या बाजूला लावली. विचार चांगला होता, वारा लागतो. पण खाली देवघर. जीन्स नीट पिळली नव्हती. सासूबाई आरती करताना निरंजन विझलं. पुढचं लिहीत नाही.

खिडकी_सीट

हाहाहा, देवाने अभिषेक करून घेतला

रुपारेलचा_मागचा_बाक

बाळू, तुमच्या बाबांनी डबा उपडा केला ना, त्यावरून आठवलं. मानसशास्त्रात डंकर नावाच्या जर्मन माणसाचा प्रयोग आहे, इंग्रजीत १९४५ला छापून आला. मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या देतात. मेणबत्ती भिंतीवर लावा, मेण खाली सांडता कामा नये. लोक मेणबत्तीतच टाचण्या खुपसत बसतात. उत्तर सोपं, टाचण्या ओता, खोकं भिंतीला ठोका, त्यात मेणबत्ती. गंमत म्हणजे खोकं आधीच रिकामं करून दिलं तर जास्त जणांना जमतं. भरलेलं असेल तर ते फक्त "टाचण्यांचं खोकं" दिसतं.

मला वाटतं चाळीत डबे सतत रिकामे असायचे, म्हणून आपल्याकडे सुचायचं जास्त.

अर्धी_बादली

आत्ता नवऱ्याला हे कोडं घातलं. त्याने मेणबत्ती वितळवून भिंतीला चिकटवली. म्हटलं मेण सांडायचं नाहीये. म्हणाला, लादी मी पुसतो.

रुपारेलचा_मागचा_बाक

उत्तर मान्य.

शब्दखोर

मला सगळं ठाणे ते कुर्ला सुचतं, फास्ट ट्रेनमध्ये दारात उभं असताना. ऑफिसात उतरलं की गायब. हल्ली स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवतो. ऐकताना फक्त "पुढे चला, पुढे चला" ऐकू येतं.

खिडकी_सीट

आर्किमिडीजकडे टब होता. आपल्याकडे एक बादली, म्हणून निम्मंच सुचतं.

दादर_सांभाळून

जरा कडू लिहितो. डब्याची गोष्ट गोड आहे, पण आईची झोप तीनपासून का मोडायची? पाणी ठरल्या वेळी आलं असतं तर डबा लागलाच नसता. अशा युक्त्यांचं कौतुक करता करता मूळ तक्रार करायची राहून जाते. आमच्या सोसायटीत लिफ्ट महिनाभर बंद, तर एकाने दोरीला बादली बांधून भाजी वर घ्यायची सोय केली. सगळे खूश. लिफ्टचा अर्ज तसाच पडून.

लालबागचा_बाळू

पटलं. आई आज असती तर तुमच्याच बाजूने बोलली असती. तेव्हा मजल्यावरच्या बायकांनी तक्रारी केल्या होत्या हेही खरं, मी ते लिहायला विसरलो. कारण आम्हा पोरांना डबाच लक्षात राहिला.

कलिन्याची_बाई

बादलीत मांजर बसून वर आलं का कधी?

दादर_सांभाळून

दोनदा. त्याला लिफ्टची गरज नाही.

मोरीवाली_मीरा

आले परत. आमचं कपाट. तिसरा मजला, चार माणसं तासभर ते दारातून तिरकं, आडवं, उलटं करतायत, शिव्या चालू. माझा पुतण्या, वय सात, वरण खाता खाता म्हणाला, दार काढा ना. सगळे म्हणाले कपाटाचं दार काढलंय रे. तो म्हणाला, घराचं. बिजागरीतून दार उतरवलं, दीड इंच जागा मिळाली, कपाट आत. आता तो इंजिनिअर आहे आणि स्वतःच्या घरातला फ्यूजही बदलत नाही.

विरार_फास्ट

कोणाला फ्रीजच्या रबराला मऊ करायची युक्ती माहीत आहे का, दार लागत नाहीये

अर्धी_बादली

आधी कोमट साबणाच्या पाण्याने पूस, घड्यांमधली चिकट घाण निघाली की बहुतेक वेळा लागतं. नाही लागलं तर हेअर ड्रायर, लांबून.

खिडकी_सीट

बाळू, डब्याचं काय केलंत शेवटी? भंगारवाला?

लालबागचा_बाळू

बाबा नाही म्हणाले. ८४ वय, पण डब्यावर हात ठेवून बसले होते. सध्या त्यात कांदे आहेत.