धुळे तुरुंग, 1932 : शाळेच्या कार्यक्रमात नेमकं काय दाखवावं?

तापीकाठ : आठवी-नववीची मुलं, वेळ 40 मिनिटं. साने गुरुजी कोठडीत 'श्यामची आई' लिहितात, विनोबा गीता सांगतात, बाकीचे टकळीवर (खाली चकती असलेल्या, हाताने फिरवायच्या बारीक दांडीवर) सूत काततात, असा प्रवेश बसवतोय. टकळी कुणालाच येत नाही. संहितेत काही खटकतंय का?

बोरीकाठचा : पहिलाच भाग काढा, भाऊ. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातली, फेब्रुवारी 1933 ची. धुळ्यात गुरुजींच्या हाती विनोबांची प्रवचनं आहेत. विनोबा बोलत, गुरुजी भराभर उतरवून घेत. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा. तारखा फळ्यावर लिहा, प्रवेशाचा सांगाडा आयता मिळतो. 'गीताई'ची, म्हणजे विनोबांनी मराठी पद्यात आणलेल्या गीतेची, पहिली आवृत्तीही त्याच साली धुळ्यातच छापली गेली, विनोबा आत असताना. घोषणा, बेड्यांचा खणखणाट नको. गीतेवर बोलायला बंदी घालणं सरकारलाही अवघड होतं, खरी गंमत तिथे आहे.

पेळूवाला : टकळीचं सांगतो. मेडिकलमधला कापूस अजिबात घेऊ नका, त्याचे तंतू आखूड आणि विस्कटलेले असतात, धागा धरत नाही. खादी भांडारात तयार पेळू, म्हणजे कातायला पिंजून वळलेल्या कापसाच्या वळ्या, मिळतात का बघा. हातभर सूत चकतीच्या वर दांडीला गुंडाळा, वरच्या आकड्यात अडकवा, टोक पेळूच्या तंतूंत मिसळा. उजव्या चिमटीने टकळी फिरवा, पीळ चढला की मगच डावा हात वर न्या. आधी ओढलं की तुटतं. पेळू घट्ट दाबला तर तंतू सुटत नाहीत, मग मुलं हिसका देतात आणि पुन्हा तुटतं. सुताला वेटोळी पडू लागली की पीळ जास्त झाला. दमट हवेत पेळू चिकटतात, डब्यात ठेवा.

तापीकाठ : रंगमंचावर सुताची एक गुंडी पुरी करून दाखवता येईल?

पेळूवाला : नाद सोडा. 4 फुटांची एक तार, 160 तारांची लट, 4 लटींची गुंडी, म्हणजे 2560 फूट सूत. नवशिक्याचं काम नव्हे. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं सराव द्या, दोन-तीन मुलांनाच बसवा. टकळीखाली पितळी वाटी ठेवा, टोक घसरत नाही आणि फिरल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. बाकीच्यांना प्रवचन ऐकायला बसवा.