घर बदललं तेव्हा मूल काय म्हणालं? अनुभव लिहा

एकल पालक, दत्तक मूल, सावत्र नाती, आजीकडे वाढणारी नातवंडं. आपल्यासारख्या घरांत कुणी नवं आलं किंवा कुणी निघून गेलं, तेव्हा मुलानं ते कसं घेतलं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा. सुरुवात मीच करते.

मी एकटी आई, लेक दत्तक. आमच्यासोबत राहणारी माझी बहीण नोकरीसाठी दूर गेली तेव्हा लेक पाच वर्षांची होती. रडली नाही. मला वाटलं, सुटलो! तिसऱ्या आठवड्यात अंथरूण ओलं व्हायला लागलं. एका रात्री चादर बदलताना हळूच म्हणाली, "मी मावशीचा चष्मा मोडला ना, म्हणून ती गेली." चष्मा मोडून वर्ष झालं होतं. एवढी लहान मुलं घरातल्या उलथापालथीचा दोष स्वतःकडे घेतात, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं ऐनवेळी कुठे आठवतं? शेवटी मावशीनंच व्हिडिओ कॉलवर नाकावरचा चष्मा दाखवून सांगितलं, "हा बघ, धडधाकट आहे. मी कामासाठी आलेय." हे तिला चार-पाचदा सांगावं लागलं.

---

मी सावत्र बाप. मुलगा नऊ वर्षांचा. मला हाकच मारायचा नाही, समोर येऊन उभा राहायचा. मी उत्साहात पहिल्याच महिन्यात शिस्त लावायला गेलो आणि तोंडावर पडलो. मग अभ्यास, झोपायची वेळ, रागावणं सगळं बायकोनं परत स्वतःकडे घेतलं. माझ्याकडे उरली सायकलची उतरलेली चेन. दोन वर्षं तेवढंच. परवा मित्राला फोनवर म्हणाला, "थांब, आमच्या ह्यांना विचारतो." बायको हसून हसून खालीच बसली.

---

मी मुलाच्या बाजूनं लिहिते, आता मोठी आहे. आईबाबा वेगळे झाल्यावर दोन्ही घरांत माझं सगळं दोन-दोन होतं: ब्रश, चपला, कंपासपेटी. तरी दर शुक्रवारी मी उशी काखेत मारून निघायचे. बाबांना वाईट वाटायचं, त्यांनी हौसेनं नवी आणली होती. आणि परत आले की पहिला तासभर आईशी भांडण ठरलेलं. तिला वाटायचं, तिकडे कुणी कान भरतंय. तसं काहीच नव्हतं. आठवडाभर शहाण्यासारखं वागून मी दमलेली असायचे, इतकंच.

---

नातू दोन वर्षं माझ्याकडे होता. त्याची आई सावरली, न्यायला आली. सगळ्यांना आनंद. तो पलंगाखाली जाऊन बसला, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. पुढचं नंतर लिहीन.