जन्मापासूनचा तीळ बदललाय, कापून तपासू का?

नमस्कार मंडळी,

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, जन्मापासून एक तीळ आहे. तीळ कसला, चांगला सुपारीएवढा चट्टा! तपकिरी, जरा उंचवटा, वर चार-पाच राठ केस. "हरवलास तर ओळखायला बरं," म्हणत आई त्याचं कौतुकच करायची. चाळीस वर्षं त्याने काही त्रास दिला नाही आणि पाठीवर असल्याने मीही कधी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, याची खालची कड काळी झालीय. मला पटेना, तेव्हा तिने फोटोच काढून दाखवला. नशिबाने दोन वर्षांपूर्वीचा माझा पोहतानाचा फोटो सापडला. त्यात कड गोल, रंग सगळीकडे सारखा. आता खालच्या बाजूला निळसर काळा ठिपका आहे आणि कड टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरलीय. खाजही येते, पण ती खरी की फोटो पाहिल्यापासूनची, देव जाणे.

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपमधून, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहिलं. म्हणाले, अख्खा काढून बायोप्सीला पाठवू. इकडे काका म्हणतात, तिळाला सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. मित्र म्हणतो, लेसरने जाळून टाक, टाक्यांची भानगड नको. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद १
मी पॅथॉलॉजीत काम करते. लेसर आधी डोक्यातून काढा. जाळल्यावर आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काय? राखेवरून निदान होत नाही. आणि तुकडा काढल्याने मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, पसरत नाही. तो पसरतो तसाच राहू दिल्याने. काकांचा समज फार घरांत आहे, त्यापायी लोक उशिरा येतात.

घाबरूनही जाऊ नका. २० सेंमीहून लहान जन्मजात तिळाचा मेलॅनोमा होण्याची शक्यता आयुष्यभरात १ टक्क्याहून कमी धरतात. त्याहून मोठ्या चट्ट्यांची गोष्ट वेगळी, तिथे धोका बराच जास्त आणि तोही लहानपणापासून. पण तुमचा तीळ बदललाय. आकार बिघडणं, कड फाटणं, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसणं, यांतलं काहीही असलं तरी तपासायलाच हवं. केसांवरून मात्र काही ठरत नाही. रिपोर्टमध्ये मेलॅनोमा निघालाच, तर तो किती मिलिमीटर खोल गेलाय ते आधी बघा, पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

धागाकर्ता
आभार. गुरुवारची वेळ घेतली, जुना फोटोही नेतोय. काकांना शुक्रवारी सांगेन. एक बावळट प्रश्न: उताणं कधी झोपता येईल?

प्रतिसाद १
पाठीचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर कुशीवर. आणि जड उचलू नका, टाके ताणतात.