विचित्र शीर्षकं वाचकाला चकवतात का?

फुलपात्र (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठीतली बरीचशी चमत्कारिक शीर्षकं पुस्तकाचंच नुकसान करतात. नाव वाचून आपण मनात एक तयारी करतो आणि आत भलतंच निघतं.

श्याम मनोहरांची 'उत्सुकतेने मी झोपलो' घ्या. २००८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. नाव बघून हातात घेणारा माणूस काहीतरी खुसखुशीत वाचायला बसतो. आत कुटुंब, जिज्ञासा, ज्ञान यांवरचा विचार, तोही वरकरणी सपाट वाटणाऱ्या वाक्यांतून. हसू येतं, पण ज्या हसण्यासाठी पुस्तक घेतलं ते हे नव्हे. तीसचाळीस पानांत पुस्तक मिटवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. पुस्तक वाईट होतं म्हणून नव्हे, त्यांना नावाने कबूल केलेलं दुसरंच पुस्तक हवं होतं.

दुसरं उदाहरण नेमाड्यांचं. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली तेव्हा ती न उघडताच लोक 'अडगळ' या शब्दावर भांडत होते. 'समृद्ध' कुणाच्या कानावरच पडलं नाही. खंडेराव, मोहेंजोदडोचं उत्खनन, मोरगाव, तिथली शेती आणि घरातली माणसं, यावर बोलायला कुणी उरलंच नव्हतं. एवढी जाडजूड कादंबरी, आणि चर्चा मुखपृष्ठाच्या आत शिरेना.

याउलट दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) किंवा लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (१९८०) बघा. एकेक शब्द, पण आत किती धग आहे ते उंबरठ्यावरच कळतं. शीर्षक म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो, असं मी मानतो. तो पाळायचा नसेल तर साधं नाव ठेवावं.

तिरकस_रेघ

साफ असहमत.

तुमच्या हिशेबाने मराठीतला सर्वात मोठा फसवणुकीचा गुन्हा पुलंवर दाखल करावा लागेल. 'बटाट्याची चाळ' (१९५८) हे नाव ऐकूनच माणूस हसायच्या तयारीत बसतो, आणि हसतोही. मग शेवटी 'एक चिंतन' येतं. चाळच बोलू लागते आणि गळ्यात आवंढा येतो. नाव त्या शेवटाची तयारी करून देणारं असतं, 'एका संपत चाललेल्या वस्तीची कहाणी' वगैरे, तर ते शेवटचं प्रकरण इतकं लागलं असतं का? अपेक्षा एका बाजूला झुकवून ठेवायची आणि मग हलकेच जमीन काढून घ्यायची, हे लेखकाचं कामच आहे.

आता मनोहर. 'उत्सुकतेने' आणि 'झोपलो' या दोन शब्दांचं एकमेकांशी जमत नाही. व्याकरण बिनचूक, तरी वाक्य खटकतं. त्यांची पानंच्या पानं अशीच लिहिलेली आहेत. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक राहिलेला हा लेखक साधं विधान करतो आणि क्षणभराने लक्षात येतं की ते साधं नव्हतं. म्हणजे शीर्षकात त्याने पुस्तकाचा नमुनाच दिलाय. तुमच्या ओळखीच्यांनी तो विनोद म्हणून वाचला, तर लेखकाने काय करावं?

फुलपात्र

पुलंचं उदाहरण इथे लागू नाही. पुस्तकावर 'पु. ल. देशपांडे' छापलेलं असतं. शीर्षक एकटं काम करत नाही, लेखकाचं नाव सोबत असतं. शिवाय शेवटच्या प्रकरणापर्यंत चाळीने हसवण्याचा शब्द पुरेपूर पाळलेला असतो. आधी पाळायचा आणि मग पलीकडे जायचं, हे मला मान्यच आहे. पहिल्या पानापासून तो धाब्यावर बसवणाऱ्यांबद्दल मी बोलतोय.

आणि नमुना म्हणालात, पण तो नमुना होता हे पुस्तक संपल्यावर कळतं. पैसे आधी द्यावे लागतात.

ग्रंथपाल_काकू

तुम्ही दोघं वाचकाबद्दल बोलताय, म्हणून देवघेव काउंटरच्या या बाजूने दोन शब्द.

विचित्र नावाचा पहिला बळी वाचक नसतो, वर्गवारी असते. नामदेव ढसाळांचा 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' हा कवितासंग्रह आमच्याकडे बरेच दिवस बालविभागात होता. चिनी लोककथेतला म्हातारा, माओने १९४५च्या भाषणात सांगितलेली त्याची गोष्ट, यातलं काही ठाऊक नसलेल्या माणसाने दाखल करून घेतला असणार. म्हातारा आहे, डोंगर आहे, मूर्खपणा आहे, झाली गोष्ट मुलांची! एका आजोबांनी नातवासाठी नेला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. चेहऱ्यावरून कळलं की त्यांनी स्वतः वाचलाय.

अवधूत डोंगरेंची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' ही कादंबरी, २०१४चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार तिला मिळाला. ती मागणारे निम्मे जण तिला व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक समजून मागतात. मी सांगते, कादंबरी आहे. काही जण परत ठेवतात. काही जण 'असू दे' म्हणून नेतात, आणि त्यांतले काही तीन आठवडे पुस्तक आणून देत नाहीत. दंड भरतात, पण देत नाहीत.

तेव्हा फुलपात्र, नाव चकवतं हे खरंच. पण चकलेला प्रत्येक माणूस नाराज होतोच असं माझ्या रजिस्टरात दिसत नाही.

बोरूबहाद्दर

चकवणं, शब्द पाळणं हे सगळं ठीक, पण नाव विचित्र कुणाला वाटतं, हे आधी ठरवा ना.

इंग्लंडमध्ये वर्षातल्या सर्वात विचित्र शीर्षकाला १९७८पासून डायग्रॅम पुरस्कार दिला जातो, 'द बुकसेलर' हे पुस्तकधंद्याचं नियतकालिक तो चालवतं. २००९चा पुरस्कार डाइना टाइमिन्या या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ बाईंच्या 'क्रोशेइंग अ‍ॅडव्हेंचर्स विथ हायपरबोलिक प्लेन्स'ला मिळाला. लोक हसले. पण पुस्तकात अक्षरशः तेच आहे. समांतर रेषांचा युक्लिडचा नियम जिथे चालत नाही त्या भूमितीचे पृष्ठभाग कागदावर नीट दाखवता येत नाहीत, म्हणून बाईंनी ते क्रोशाच्या सुईने विणले. ओळीगणिक ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेलं की विणकाम आपोआप झालरीसारखं मुरडतं, आणि तो पृष्ठभाग हातात धरता येतो. याच पुस्तकाला २०१२ साली अमेरिकेच्या गणित संघटनेचं ऑयलर पारितोषिकही मिळालं. एकाच नावाला एकीकडे हसण्यावारी नेलं आणि दुसरीकडे गंभीरपणे घेतलं.

१९९२चा विजेता 'हाउ टू अव्हॉइड ह्यूज शिप्स'. अवाढव्य जहाजं कशी टाळावीत! लिहिणारा खरोखरीचा कप्तान, आणि सल्ला छोट्या खासगी बोटवाल्यांना. इंटरनेटवर लोकांनी त्यावर थट्टेचे अभिप्राय लिहून धमाल केली. ज्याच्या होडीसमोर मालवाहू जहाज आलंय त्याला या नावात काय विचित्र वाटणार? आमच्या रत्नागिरीच्या मच्छीमाराला विचारा.

अर्धा_चहा

बोरूबहाद्दर, मस्त माहिती. पण ती नावं भाबडी आहेत. लेखकाला कल्पनाच नव्हती की लोक हसतील. आता मोबाइलवर अंगठ्याएवढं मुखपृष्ठ दिसतं, तिथे बोट थांबावं म्हणून मुद्दाम वाकडं केलेलं नाव आणि हे, दोन्ही एका मापाने कसं मोजणार? फुलपात्र यांचा राग त्या दुसऱ्या जातीवर असावा. माझाही आहे. फक्त त्यात त्यांनी मनोहर-नेमाड्यांना ओढायला नको होतं.

तिरकस_रेघ

अर्धा_चहा, +१.

आणखी एक. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४). पाढ्यात एकाची चूक आणि तीही थेट मुखपृष्ठावर. आत कुशंक पुरंदरे आपली गोष्ट तुकड्यातुकड्यांत, काळ मागेपुढे करत सांगतो. हिशेब शेवटपर्यंत जुळत नाही. नावातच सांगून टाकलंय की जुळणार नाही. याहून प्रामाणिक शब्द कसा द्यायचा असतो?

फुलपात्र

नगरकर मान्य. ते नाव पुस्तकाशी एकनिष्ठ आहे. मनोहरांबद्दल मत कायम.

तिरकस, तुमच्या बाजूचा मोठा साक्षीदार मीच आणतो, रॉबर्ट पर्सिग. 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', हेही १९७४चंच. त्याला सुरुवातीलाच टीप द्यावी लागली की झेन पंथाच्या अधिकृत माहितीशी या पुस्तकाचा संबंध जोडू नये, आणि मोटरसायकलींबद्दलही यात फारसं वास्तव नाही. नाव इतकं चकवतं की लेखकालाच दारात उभं राहून खुलासा करावा लागतो!

तिरकस_रेघ

ती टीप खुलासा म्हणून वाचलीत? ती त्याच थट्टेचा पुढचा भाग आहे. आणि १२१ प्रकाशकांनी नाकारल्यावरही गड्याने नाव सरळ केलं नाही. लाखोंनी खपलं.

बरं, तुम्हीच सांगा. 'उत्सुकतेने मी झोपलो'ला तुमचं साधं, शब्द पाळणारं नाव काय?

फुलपात्र

'घर आणि जिज्ञासा'.

ग्रंथपाल_काकू

हे नाव असतं तर आमच्याकडून ते एकदाही बाहेर गेलं नसतं.