मिरचीचं पान मुरडलं की एप्सम मीठ?

गच्चीवाली (रामबाग): काल आपल्या इंदूरच्या ह्या बागकाम-गटात सल्ला वाचला: "मिरचीच्या रोपाचं पान पिवळं पडो की मुरडो, चमचाभर एप्सम मीठ घाला." खाली आभारांची रांग. अहो, पान कुठलं ते आधी बघा! एप्सम मिठातून मिळतं मॅग्नेशियम. ते कमी पडलं तर खालची जुनी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कोवळ्या शेंड्याला तसं झालं तर लोह कमी. जुनं पान सबंधच फिकटलं तर नत्र कमी. पान होडीसारखं वर वळलं तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून देठ लांबला तर कोळी कीड (माइट). मीठ घालून किडे मरतात का? मागच्या वर्षी हेच ऐकून मी बारा कुंड्यांत मीठ घातलं. शेवटी एक शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला, तर रव्याच्या कणाएवढे पिवळट किडे पळायला लागले. तोवर नऊ रोपं गेली होती.

सुदामानगरकर: ते मीच लिहिलं. माझी रोपं मिठानेच सुधारली. तुमची मेली म्हणून मी खोटा?

निमाडी: आमच्या निमाडात बेडियाच्या मंडीत मिरचीचे ढीग दिसतात, चुरडा-मुरड्याने, म्हणजे पानं आकसण्याच्या रोगाने, गेलेली शेतं दिसत नाहीत. पांढरी माशी विषाणू आणते, त्यावर औषध नाही. रोप उपटा, मोकळे व्हा.

गच्चीवाली: मुरडलेलं प्रत्येक रोप उपटायचं? शिरा जाड झाल्या, रोप खुजं राहिलं, तर उपटा. आधी पान उलटून तर बघा.

लोकमान्यनगर: पाणी कोणतं घालता, हे कोणी विचारलंच नाही. बोरिंगच्या पाण्याने माझ्या कुंड्यांच्या काठाला पांढरा थर बसायचा, शेंडे पिवळे. त्या क्षारांमुळे मातीत लोह असून मुळांना मिळत नव्हतं. नळाला येणारं नर्मदेचं घालायला लागलो, नवी पालवी हिरवी आली.

सुदामानगरकर: नर्मदेचं, कुंड्यांना? १९७८ साली नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर उपसून इंदूरला आणलं ते ह्याकरता? आमच्याकडे एक दिवसाआड येतं, तेही वर चढत नाही.

लोकमान्यनगर: डाळ-तांदूळ धुतलेलं घालतो मी! आधी विचारायचं, मग बोलायचं.

सुदामानगरकर: घरात लाइन आहे म्हणून धुता. माझ्या आईने उन्हाळेच्या उन्हाळे टँकरमागे कळशी घेऊन धावत काढलेत. तिच्यासमोर बोलून दाखवा हे.

लोकमान्यनगर: आईंचे कष्ट मी कुठे नाकारले? पण बोरिंगच्या पाण्याने पान पिवळं पडतं, हे त्याने खोटं ठरत नाही.

निमाडी: पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. दोघांचंही भागेल.

सुदामानगरकर: आत्ता गच्चीवर जाऊन आलो. मीठ दिलेल्या रोपांची खालचीच पानं पिवळी होती, शिरा हिरव्या. म्हणजे मॅग्नेशियमच. "पिवळं पडो की मुरडो" एवढं खोडतो, पाण्याचं एक अक्षर मागे घेणार नाही. कोपऱ्यातल्या रोपाचं कोवळं पान मात्र होडीसारखं आहे. कागदावर झटकलं. आहेत किडे. काय फवारू?

गच्चीवाली: निंबोळी तेल, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. निळा चिकट सापळा लावा, आणि ती कुंडी आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा.